टाय टाय फिस्स

मागच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी जोडून गावी गेलो. गाव म्हणजे बिलोली. पुण्यात हे नाव सांगितलं की समोरचा "हो हो, बार्शीच्या पुढे ना?" असं काहीतरी म्हणतो. नाही हो. नांदेड जिल्हा. नांदेडहून निघालं की नायगाव, मग नरसी, मग बिलोली. आणखी थोडं पुढे गेलं की तेलंगणा. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच वाक्यात ऐकू येतात. इंग्रजी मात्र बाजारात ऐकू येत नाही. ती फक्त शाळांच्या बोर्डावर दिसते आणि पोरांच्या गळ्यात.

गळ्यात म्हणजे अगदी शब्दशः गळ्यात.

झालं असं, की शनिवारी सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरून, आंघोळ-चहा उरकून मी ताईकडे गेलो. ताई गावातच असते. शनिवारची सकाळची शाळा, त्यामुळे अकराच्या सुमारास भाचेबुवा घरी अवतरले. वय वर्षे सहा, इयत्ता पहिली. जून संपत आलेला, पावसाचा पत्ता नाही, फॅन गरम हवा फेकतोय. आणि ह्या साहेबांचा अवतार बघा. पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टरचा शर्ट, कमरेला बकलचा पट्टा, गुडघ्यापर्यंत मोजे, काळे बूट आणि गळ्यात मरून रंगाचा टाय. टायवर सोनेरी दोऱ्याने शाळेचं बोधचिन्ह. पोरगं घामानं थबथबलेलं, गळ्याभोवती घामोळ्यांची लाल माळ.

"ताई, त्याच्या गळ्यातलं ते काढ की गं आधी."

"थांब, ओढू नको! इलॅस्टिक तुटते. तुटलं की शाळेतूनच नवा घ्यावा लागतोय. अन् टाय नसला तर वर्गाबाहेर उभं करतेत."

टाय काढला. गाठ सुटली नाही, कारण ती सुटण्यासाठी नव्हतीच. कारखान्यात कायमची शिवलेली गाठ, मागे इलॅस्टिकचा पट्टा, डोक्यावरून घालायचं आणि डोक्यावरून काढायचं. बैलाचं दावंसुद्धा ह्यापेक्षा प्रामाणिक असतं, त्याला निदान खरी गाठ असते.

मी तो टाय हातात घेऊन निरखला. भाच्याने त्याचे बरेच उपयोग शोधून काढलेले दिसले. टोकाला चावल्याच्या खुणा होत्या, म्हणजे गणिताच्या तासाला चघळण्यासाठी. मध्यभागी एक कडक झालेला चकाकता भाग होता, म्हणजे नाक पुसण्यासाठी. इलॅस्टिक सैल झालेलं होतं. त्याची चौकशी केल्यावर कळलं की मधल्या सुट्टीत त्याची गलोल होते. इंजिनियर म्हणून मला पोराचा अभिमानच वाटला. वापरणाऱ्याने वस्तूला स्वतःहून काम शोधून दिलं होतं, कारण बनवणाऱ्याने तिला कुठलंच काम दिलेलं नव्हतं.

तर मंडळी, आजचा विषय टाय. आणि मी आधीच सांगून टाकतो, मी ह्या विषयावर तटस्थ वगैरे नाही. मराठवाड्यात सहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात टाय बांधणं हा मला मूर्खपणा वाटतो. पण सगळेच टाय मूर्खपणाचे नसतात, हे मला एका माणसाने हॉस्टेलवर शिकवलं. त्याच्याकडे येतोच.

आधी थोडा इतिहास. टाय म्हणजे इंग्रजांची देणगी, असा आपला समज असतो. गंमत म्हणजे इंग्रजांनीही तो उसनाच घेतलाय. सतराव्या शतकात युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं. तेव्हा फ्रान्सच्या राजाने क्रोएशियाचे भाडोत्री सैनिक ठेवले होते. ते गळ्याभोवती रुमाल गुंडाळायचे. फ्रेंचांना ती ऐट आवडली. 'क्रोआट' ह्या शब्दावरून 'क्रावात' झालं, तिथून ते इंग्लंडात गेलं, हळूहळू अरुंद आणि लांब झालं. आज आपण बांधतो तसा, कापड तिरकं कापून तीन तुकड्यांत शिवलेला टाय न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या शिंप्याने १९२० च्या दशकात पेटंट घेऊन आणला. म्हणजे जगातली सगळ्यात 'सभ्य' मानली गेलेली वस्तू ही मुळात भाडोत्री सैनिकांच्या गळ्यातला रुमाल! भाच्याने नाक पुसून तिला मूळ धर्मावर परत आणलं म्हणायचं :-)

आणि आमच्या बिलोलीचं तर आणखीच निराळं. आम्ही इंग्रजांच्या थेट राज्यात कधी नव्हतोच. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तेव्हा रुबाबदार माणूस म्हणजे शेरवानी. बाकीचे धोतर आणि पटका. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे इंग्रज देश सोडून गेले तेव्हा आमच्याकडे टाय जवळपास नव्हताच. मुंबई-पुण्याच्या लोकांना निदान म्हणता येतं, की बाबा, साहेबाने दीडशे वर्षं राज्य केलं, सवय लागली. आम्हाला तेही म्हणता येत नाही. साहेब गेल्यावर काही दशकांनी आम्ही हे कर्ज स्वतःहून काढलं. आणि फेडायला लावलं पहिलीतल्या पोराला.

आता हॉस्टेलची गोष्ट.

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पस इंटरव्ह्यू लागले. नोटीस बोर्डावर लिहिलेलं, 'फॉर्मल ड्रेस, टाय अनिवार्य'. आमच्या विंगमध्ये अकरा पोरं. त्यातली बरीचशी देगलूर, मुखेड, अहमदपूर, उदगीर असल्या गावांतली. अकरा जणांत टाय किती? तीन. त्यातले बांधता येणारे किती? एक. माझा रूममेट.

मग काय, त्याने प्रॉडक्शन लाइन सुरू केली. स्वतःच्या गळ्यात टाय बांधायचा, सैल करायचा, गाठ न सोडता डोक्यावरून काढायचा आणि पुढच्या पोराच्या गळ्यात घालायचा. पोरगं इंटरव्ह्यू देऊन बाहेर आलं की जिन्यातच टाय काढून पुढच्याला. तीन टायवर अकरा पोरं निघाली. आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सरांनी रिसोर्स शेअरिंग शिकवायला अख्खं सेमिस्टर घेतलं होतं, ते आम्हाला त्या जिन्यात अर्ध्या तासात कळलं. डेडलॉकही झाला, दोघांचे नंबर एकदम लागले तेव्हा.

आत गेलो तर इंटरव्ह्यू घेणारा माणूस टी-शर्टमध्ये. कॉलरसुद्धा नाही! मी गळ्यात फास लावून घामाघूम, आणि तो आरामात खुर्चीत रेलून विचारतोय, "सो, टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ." मला कळेना, ह्या खोलीत टायची नक्की गरज कुणाला आहे? ज्याच्याकडे नोकरी आहे त्याला नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मात्र अनिवार्य!

त्या रात्री मेसमध्ये मी भाषण ठोकलं. टाय म्हणजे गुलामीचा पट्टा, टाय म्हणजे साहेबी थाटाचा आजार, आपल्या आजोबांनी कधी घातला नाही, त्यांचं काही अडलं का, वगैरे वगैरे. पोरं टाळ्या देत होती. रूममेट गप्प जेवत होता. जेवण झाल्यावर खोलीत आला आणि म्हणाला,

"तुझ्या आजोबाला धोतर-पटका घालून गावातून चालताना कुणी अडवलं होतं का?"

"नाही. का?"

"माझ्या पणजोबाला अडवलं होतं. धोतर पांढरं होतं म्हणून."

मी गप्प.

"टाय बांधायला मला माझ्या बापानं शिकवलंय. त्याला त्याच्या बापानं. चौदा एप्रिलला आमच्या घरात तिघंबी टाय बांधून निघतोत. बाबासाहेब बांधायचे म्हणून. तुमच्याकडं टाय काढून टाकायची फॅशन असंल. आमच्याकडं घालायला तीन पिढ्या लागल्यात. तवा 'टाय म्हणजे गुलामी' असं सरसकट नको म्हणू."

हे मी आज लिहितोय तितकं सोपं नव्हतं ऐकणं. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला, आणि रात्रभर झोप लागली नाही. पण पोरगं बरोबर होतं.

आमच्या मराठवाड्यात कुठल्याही गावात जा, बाबासाहेबांचा पुतळा दिसतो. निळा सूट, टाय, हातात पुस्तक. लहानपणापासून बघतोय, पण त्या टायचा अर्थ मी कधी विचारलाच नव्हता. शाळेत ज्याला वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसवलं, नळाला हात लावू दिला नाही, तो माणूस १९१३ ला न्यूयॉर्कला जातो, कोलंबिया विद्यापीठात शिकतो आणि पुढे आयुष्यभर नीटनेटक्या सुटात वावरतो. तो काय इंग्रजांची नक्कल करत होता? छे. तो सांगत होता, की माझे कपडे मी ठरवणार, तुमची जात नाही. डिसेंबर १९२७ ला महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी जमलेल्या बायकांना काय सांगितलं होतं? की कपड्यांवरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येईल अशी राहणी सोडून द्या, लुगडं इतर बायका नेसतात तसं नेसा. ज्यांना कपड्यानेच खाली ठेवलं गेलं, त्यांना कपडा म्हणजे फॅशन नसते. ती लढाई असते.

दुसऱ्या बाजूला गांधीजी. १८८८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांनीही सुरुवातीला साहेब व्हायचा जोरदार प्रयत्न केला. आत्मचरित्रात त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवलंय. तयार गाठीचा टाय घालणं तिथे शिष्टसंमत नव्हतं, म्हणून ते स्वतः गाठ मारायला शिकले आणि रोज दहाएक मिनिटं आरशापुढे घालवायला लागले. पुढे १९२१ ला मदुराईत त्यांनी सगळं उतरवून पंचा स्वीकारला.

एकाने टाय उतरवला, एकाने मरेपर्यंत घातला. दोघांचं आपसात किती पटलं हे आपल्याला माहीतच आहे. पण एक गोष्ट दोघांत सारखी होती. दोघांनाही स्वतःची गाठ स्वतः मारता येत होती. ज्याला गाठ मारता येते त्यालाच ती सोडायचा हक्क असतो आणि ठेवायचाही.

आता परत या माझ्या भाच्याकडे. त्याला गाठ मारता येत नाही, सोडता येत नाही. त्याच्या शाळेतल्या एकाही पोराला येत नाही. मी दाजींना विचारलं, शाळेतल्या सरांना येते का? दाजी हसले. "सर बी इलॅस्टिकवालाच घालतेत."

बास. माझं सगळं भांडण ह्या एका वाक्यात आहे.

कारण इलॅस्टिकचा टाय हा एकटा नाही. त्या शाळेतलं इंग्रजीसुद्धा इलॅस्टिकचंच आहे. शनिवारी दुपारी मी भाच्याची वही उघडली. सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'द काऊ इज ए डोमेस्टिक ॲनिमल.' मी विचारलं, डोमेस्टिक म्हणजे काय रे? तो म्हणाला, "ॲनिमल." मग ॲनिमल म्हणजे काय? "काऊ." आणि काऊ म्हणजे? आता मात्र त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मामा येडा झालाय का. "काऊ म्हंजे काऊ!" दारात गाय उभी होती. तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. वहीतल्या काऊचा आणि दारातल्या गायीचा त्याच्या लेखी काही संबंधच नव्हता.

वर्गात बाई सगळं मराठीत समजावून सांगतात (त्यांची चूक नाही, त्याही आमच्याच गावच्या), पण उत्तर इंग्रजीत पाठ करायचं आणि तसंच्या तसं उतरवायचं. म्हणजे काय? कारखान्यात शिवलेली गाठ. डोक्यावरून घालायची, परीक्षा झाली की डोक्यावरून काढायची. मराठीही धड नाही. अडुसष्ट म्हणजे किती विचारलं तर पोरगं भिंतीकडे बघतंय.

आपण सॉफ्टवेअरवाले, आपल्या भाषेत सांगतो. टाय हा शाळेचा यूजर इंटरफेस आहे. तो चकचकीत असला की डेमोला आलेला ग्राहक खूष. बॅकएंडला काय चाललंय हे कुणी बघत नाही. आणि ग्राहक कोण? माझी ताई. किंवा गावातला किराणा दुकानदार, ऑटोवाला, पाच एकरवाला शेतकरी. ज्याला स्वतःला इंग्रजी येत नाही, तो मास्तरचं इंग्रजी कसं तपासणार? त्याला तपासता येतो फक्त टाय. फी भरलीय त्याची डोळ्याला दिसणारी एकच पावती म्हणजे टाय. तेव्हा मी पालकांना हसत नाही. आपल्या लेकराला कुणी खालचं समजू नये, एवढंच त्यांना हवंय. त्यांच्या ह्या अत्यंत रास्त इच्छेवर शे-दीडशे रुपयांचं इलॅस्टिक विकलं जातंय, माझा राग त्यावर आहे.

ह्यातली सगळ्यात भारी गोष्ट सांगू? आमचे दाजी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहेत. चांगले गुरुजी. त्यांच्या वर्गातली दुसरीची पोरं मराठी धडाधड वाचतात आणि इंग्रजीची वाक्यं स्वतः बनवतात, मोडकी का होईना. पण स्वतःचं पोरगं टायवाल्या शाळेत. मी छेडलं तर म्हणाले,

"तू म्हणतूस ते पटतंय रे. पण लग्नाकार्यात गेलं की लोकं विचारतेत, गुरुजी, पोरगं कुठल्या शाळेत हाय? झेडपीत हाय म्हणलं की तोंड बारीक करतेत."

म्हणजे लेकराच्या गळ्यातला टाय खरं तर बापाच्या गळ्यात असतो.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, अरे बाबा, टायमुळे शिस्त येते. मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की माझ्याकडे त्याची उत्तरं पाठ आहेत.

एक. आपल्या धंद्यातच बघा. आयबीएम म्हणजे गडद सूट आणि पांढरा शर्ट, अशी एके काळी ख्याती होती. १९९५ ला लू गर्स्टनरच्या काळात त्यांनी तो दंडक काढून टाकला. इन्फोसिसने २०१५ ला रोजच्या फॉर्मल कपड्यांची सक्ती उठवली. त्यानंतर ह्या कंपन्यांत कोड लिहायचं थांबलं, असं काही ऐकिवात नाही. आपण सगळे हिंजवडीत चपला घालून हिंडतो आणि रिलीज तरीही शुक्रवारी रात्रीच फाटतो, टाय असता तरी फाटलाच असता.

दोन. जपान. शिस्तीचं विद्यापीठ. तिथे २००५ च्या उन्हाळ्यात सरकारनेच 'कूल बिझ' मोहीम काढली. एसी २८ अंशांवर ठेवा आणि टाय काढा. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय न घालता लोकांपुढे आले. जपानला २८ अंशांत टाय काढावासा वाटला. आमच्याकडे एप्रिलच्या परीक्षांना पारा चाळिशी ओलांडतो, आणि आमचं पोरगं गळ्याचं वरचं बटण लावून 'माय समर व्हेकेशन' वर निबंध लिहितं.

तीन. डॉक्टर. टाय म्हणजे स्वच्छता असंही म्हणतात. टाय रोज कोण धुतो? शर्ट धुतो, चड्डी धुतो, टाय वर्षानुवर्षं खुंटीवर. २००४ ला न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलातल्या ४२ जणांचे टाय तपासले, तेव्हा जवळपास निम्म्यांवर रोगजंतू सापडले. २००७ ला इंग्लंडच्या आरोग्य खात्याने डॉक्टरांना रुग्ण तपासताना टाय घालू नका असं सांगितलं. साक्षात इंग्लंडने! आणि भाच्याच्या टायवरचा तो चकाकता भाग प्रयोगशाळेत पाठवायची तर माझी हिंमत नाही.

चार. मेंदू. २०१८ ला जर्मनीत तीस तरुण पोरांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना टाय घट्ट बांधून मेंदूचं एमआरआय केलं. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा सरासरी साडेसात टक्क्यांनी घटला. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार उड्या मारायला नकोत, हे मान्य. पण ज्या शाळेत मेंदू वापरायचा असं ठरलंय, तिथे एवढी जोखीम तरी का घ्या?

पाच. कायदा. वकिलांचा काळा कोट हा शिस्तीचा कळस ना? बार कौन्सिलच्या नियमांतसुद्धा उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती नाही. म्हणजे उन्हाळ्यात तालुक्याच्या कोर्टात वकिलाला कपड्यांची सूट, आणि त्याच तालुक्यात पहिलीच्या पोराला नाही. पोरानं काय करावं? रिट पिटिशन टाकावं?

आणि सहावं उत्तर न्यूझीलंडचं. फेब्रुवारी २०२१. राविरी वायटिटी नावाचे माओरी खासदार टाय न घालता संसदेत आले. गळ्यात त्यांचं पारंपरिक हेइ-टिकी होतं. सभापतींनी त्यांना सभागृहाबाहेर काढलं. वायटिटींनी टायला वसाहतवादाचा फास म्हटलं. दुसऱ्याच दिवशी टायची सक्ती रद्द झाली! इथे लक्षात घ्या, टायवर बंदी नाही आली. ज्याला घालायचाय तो आजही घालतो. गेली ती सक्ती.

हाच माझा मुद्दा आहे. इराणसारखं टायच वाईट म्हणून त्याच्या मागे लागायची मला हौस नाही. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथे टाय म्हणजे पाश्चात्त्यांची चाकरी ठरला, तो घालणारा माणूस संशयित झाला. तीही सक्तीच, फक्त उलटी. माझ्या रूममेटच्या घरातल्या चौदा एप्रिलच्या टायला कुणी हात लावला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. तो टाय त्यांनी निवडलाय. त्यांच्या बापाने पोराच्या मागे उभं राहून, आरशात बघत, हाताला हात लावून शिकवलेला आहे. माझ्या भाच्याचा टाय कुणी निवडला? त्याने नाही. ताईने नाही. दाजींनी नाही. गणवेशाच्या दुकानदाराने आणि शाळेच्या संस्थाचालकांनी मिळून निवडला.

नुसती टीका करून पळून जाणं बरं नव्हे. म्हणून माझ्या मागण्या सांगतो.

पहिली मागणी, आठवीपर्यंत टाय बंद. मराठवाड्यात तरी बंदच. सुती शर्ट, हाफ पँट, चपला. टायच्या पैशात दर पोरामागे तीन-चार गोष्टीची पुस्तकं येतात, मराठी आणि इंग्रजी, दोन्ही. शंभर पोरांची शाळा असली तर एका वर्षात छोटं ग्रंथालय उभं राहतं. चावायचंच असेल तर पोरं पुस्तक चावतील, हरकत नाही.

दुसरी मागणी, पहिली काही वर्षं पोराला त्याच्या भाषेत शिकवा आणि त्याच्या जोडीला इंग्रजी खरंखुरं शिकवा. हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं म्हटलंय. दारातली गाय आणि वहीतली काऊ एकच आहे, एवढं पोराला कळलं पाहिजे. त्यानंतर तो जगातली कुठलीही भाषा शिकेल.

तिसरी मागणी, आठवीनंतर टाय ठेवायचाच असेल तर खरा ठेवा. इलॅस्टिक नाही. आणि गाठ कशी मारायची ते वर्गात शिकवा. केंब्रिजच्या फिंक आणि माओ ह्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ ला गणित करून दाखवलं, की नेहमीच्या टायला बरोबर ८५ प्रकारे गाठ मारता येते. 'नेचर'मध्ये छापून आलंय. उजवीकडे, डावीकडे, मध्ये, अशा चालींचा सगळा हिशोब. काय सुंदर प्रोजेक्ट होईल बघा! गणित झालं, इंग्रजी झालं, हातांना काम झालं. जो पोरगा पंच्याऐंशीतल्या चार गाठी मारून दाखवेल, त्याला टाय घालू द्या. आणि ज्याला नको वाटेल, त्याला खुंटीवर टांगू द्या.

आणि शेवटची मागणी तुमच्याकडे, म्हणजे माझ्यासारख्यांकडे. आपण शहरात शॉर्ट्स घालून मीटिंग घेतो आणि गावी फोन करून सांगतो, "भाच्याला चांगल्या इंग्लिश मीडियमला टाक, फीचं मी बघतो." मीही असंच सांगितलं होतं. त्या मरून टायचे पैसे माझ्याच खात्यातून गेलेत, हे मला त्या शनिवारी कळलं. पुढच्या वेळी फी पाठवण्याआधी पोराची वही मागवा. एक पान फोटो काढून पाठवायला सांगा आणि फोनवर त्याला त्याचा अर्थ विचारा. टायपेक्षा हे स्वस्त आहे आणि जास्त कळतं.

रविवारी निघायच्या आधी मी माझा इंटरव्ह्यूचा जुना टाय कपाटातून शोधून काढला. खरं तर तो रूममेटचा, परत द्यायचा राहूनच गेला. भाच्याला आरशापुढे उभं केलं, मागे गुडघ्यावर बसलो आणि गाठ शिकवली. वरून घे, खालून काढ, भोवती फिरव, मधून घाल, ओढ. चार वेळा फसली. पाचव्या वेळी जमली. वाकडी, पण त्याची स्वतःची. मग त्याने काय करावं? दोन मिनिटं आरशात बघितलं, स्वतःच्या हाताने सोडली आणि "गरम होतंय" म्हणून टाय माझ्या अंगावर फेकून खेळायला पळाला.

पुढच्या महिन्यात शाळेची पालक सभा आहे. दाजी टायचा विषय काढणार आहेत. मराठीतच बोला म्हणलं, अर्ज मी लिहून देतो. ताई मात्र आमच्या दोघांवर चिडलीय. "तुम्ही दोघं मिळून माझ्या लेकराचं नाव कमी करून आणताव बघा शाळेतून," म्हणाली. काय होतंय ते बघू. काही झालं तर इथे लिहीनच.

आणि रूममेट, तू हे वाचत असशील तर तुझा टाय माझ्याकडे आहे. चौदा एप्रिलच्या आधी आणून देतो.